विमाननगरात साउंडप्रूफ खिडक्या बसवून घेतल्या, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. बेडरूमच्या आणि हॉलच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या, लॅमिनेटेड काचेच्या नवीन खिडक्या बसवून घेतल्या, उन्हाळ्यात काम झालं, आता पावसाळा आणि थंडी दोन्ही बघून झाले, आणि पैसे वसूल झाले असं अगदी मनापासून म्हणतेय. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. दुकान नगर रोडला आहे, नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण एकाच दुकानाची जाहिरात करायची नाहीये, आणि विमानाच्या आवाजासाठी खिडकी घेताना काय विचारायचं हे कळलं की तुम्ही कुठल्याही दुकानात जाऊन नीट काम करून घेऊ शकता.

एवढं लांबलचक लिहितेय त्याला कारण आहे. मी बरीच वर्षं एका छोट्या धावपट्टीवर ऑफिस सांभाळलं. पुण्यापासून दोन-अडीच तासांवर, पायलट ट्रेनिंगसाठीची धावपट्टी, थोडी सेसना विमानं, एक हँगर, एक विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) आणि एक लँडलाइन. आजूबाजूच्या गावातनं आवाजाची तक्रार आली की तो फोन माझ्याच टेबलावर वाजायचा. त्यामुळे विमानाचा आवाज कसा पसरतो, लोकांना नक्की कशाचा त्रास होतो आणि कुठला आवाज कमी करता येतो, कुठला नाही, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. आता रिटायर होऊन विमाननगरला राहतेय.

आमची बाजू अशी आहे की धावपट्टी दिसत नाही पण ऐकू सगळं येतं. पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात वायुसेनेचा तळ, १९३९ सालचा, आणि आपली प्रवासी विमानं त्याच एका पूर्व-पश्चिम धावपट्टीवरून ये-जा करतात, साधारण अडीच किलोमीटरची आहे ती. वायुसेनेची सुखोई लढाऊ विमानं इथे १९९७ पासून आहेत. सोसायट्या नंतर आल्या, आम्हीही नंतरच आलो, त्यामुळे विमानतळाबद्दल माझी तक्रार नाहीये आणि हे लिखाण तक्रारीचं नाहीये. पण आवाज आहे हे तर खरं ना. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी विमानतळ दोन आठवडे बंद होता, तेव्हा "एक मिनिट हं, विमान जातंय" हे फोनवरचं वाक्य आमच्या घरात कोणी बोललं नाही, आणि विमानं परत सुरू झाल्यावर पहिल्याच सकाळी सगळ्यांना ते पुन्हा बोलावं लागलं. तेव्हापासून खिडक्यांचं डोक्यात होतं. खरी घाई झाली ती सासूबाईंमुळे. त्यांना कानाचं मशीन आहे. विमान आलं की त्या मशीन काढून मांडीवर ठेवायच्या, कारण एकदम मोठा आवाज आला की कानात कळ येते, आणि विमान गेल्यावर परत घालेपर्यंत समोरच्याचं बोलणं संपलेलं असायचं. हळूहळू त्यांनी दुपारी मशीन घालणंच सोडून दिलं. म्हणजे विमानाच्या आवाजामुळे घरातलं माणूस घरातल्यांशी बोलेनासं झालं, तेव्हा मी ठरवलं की आता थांबायचं नाही.

आता धावपट्टीवरचं थोडं सांगते, कारण दुकान निवडताना मला त्याचाच उपयोग झाला.

आमच्याकडे तक्रारीचं रजिस्टर होतं, साधं लांब पानांचं, त्यात मी वेळ, गाव, वाऱ्याची दिशा, त्या वेळी कुठलं विमान काय करत होतं हे सगळं लिहायचे. सुरुवातीला इन्स्ट्रक्टर लोकांना ते कटकटीचं वाटायचं. पण शेजारच्या गावच्या शाळेतले एक गुरुजी दर मार्चमध्ये फोन करायचे, एरवी वर्षभर कधीच नाही, आणि रजिस्टरची मागची पानं उलटल्यावर त्याचं कारण सापडलं. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, आणि आमचं फ्लाइंगही सकाळीच जास्त, कारण ऊन तापल्यावर हवा उसळायला लागते आणि नवीन पोरांना विमान सांभाळणं अवघड जातं. म्हणजे गुरुजींचा वर्ग आणि आमचे सर्किट एकाच वेळी. सर्किट म्हणजे विमान उठतं, हजार फुटांवर जातं, वळून धावपट्टीला समांतर येतं, परत वळून उतरतं, चाकं टेकली की लगेच परत उठतं, आणि हे एकेक विमान तासभर करत राहतं. शाळा बरोबर त्या वळणाखाली होती.

तर मग सर्किट दुसऱ्या बाजूला न्या, माळावर, तिकडे कोणी राहत नाही, इतकं सोपं वाटतं ना, पण तसं नव्हतं. शिकाऊ पायलट डाव्या सीटवर बसतो, त्यामुळे डावीकडे वळत राहिलं तर धावपट्टी त्याला सतत दिसते, उजव्या सर्किटमध्ये ती शेजारच्या सीटपलीकडे जाते. चीफ इन्स्ट्रक्टर म्हणाले एकटं उडणाऱ्या पोरांना मी उजवीकडे पाठवणार नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी असं ठरलं की शाळेच्या वेळेत इन्स्ट्रक्टर सोबत असलेली विमानंच उजवं सर्किट करतील आणि एकटी पोरं शाळा सुटल्यावर उडतील. ब्रीफिंगच्या बोर्डवर ते खडूने लिहिलं गेलं. गुरुजींचा पुढचा फोन आला तो पोरांना विमान दाखवायला आणू का हे विचारायला.

दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबर-जानेवारीत तक्रारी वाढायच्या आणि आमचं उडणं मात्र तेवढंच असायचं. त्याचं कारण हवेत असतं. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार, अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो आणि लांबच्या गावापर्यंत पोचतो. विमाननगर, धानोरी, लोहगाव, कळस या भागातल्या लोकांनीही हे अनुभवलं असेल, थंडीत पहाटेचं विमान अगदी गच्चीवरून गेल्यासारखं वाटतं.

आणि रात्र. कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं, त्यात काही तास रात्रीचे लागतात, त्यामुळे नाइट फ्लाइंग आम्हाला टाळता येत नव्हतं. मग आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत आणि पोल्ट्रीवाल्यांना फोन करून कळवायला सुरुवात केली. पोल्ट्रीवाल्यांना खास, कारण अचानक आवाज झाला की कोंबड्या घाबरून एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात, त्यात त्या माणसाचं खरंखुरं नुकसान असतं. आधी सांगितलं की ते शेडमधला दिवा चालू ठेवायचे, कोणीतरी तिथे थांबायचं. आवाज तेवढाच, पण तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. अमेरिकेत विमानतळाभोवतीचा आवाज मोजायची जी पद्धत आहे तिच्यात रात्री १० ते सकाळी ७ मधल्या प्रत्येक विमानाला १० डेसिबल जास्तीचे धरतात, म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतकं मोजलं जातं. तिकडे या मोजमापात ६५ च्या वर येणाऱ्या घरांना विमानतळाकडून खिडक्या बदलून मिळायची योजनाही आहे. हिशोब अगदी योग्य आहे तो. माझ्या रजिस्टरमध्ये रात्रीच्या तक्रारी मी लाल पेनाने लिहायचे.

पण काही आवाज असे असतात की धावपट्टीवरचा माणूस त्यात काहीच करू शकत नाही. विमान वाऱ्याच्या तोंडावरच उठतं आणि उठताना इंजिन पूर्ण जोर लावतं, सेसनाचा तर अर्ध्याहून जास्त आवाज पंख्याच्या टोकांचा असतो, पूर्ण वेगात फिरतात तेव्हाचा. वारा पश्चिमेचा असेल तर पश्चिमेकडेच उठणार, मग तिकडे गाव असो नाहीतर शहर. पुण्यात पावसाळाभर वारा पश्चिमेकडनंच असतो, म्हणजे तेव्हा कोणाच्या डोक्यावरून जाणार हे ठरलेलंच. अशा तक्रारीला मी फोनवर सरळ सांगायचे की दादा हे आम्हाला बदलता येणार नाही, खोटं "बघतो, करतो" कधी म्हटलं नाही. मग उरतो एकच उपाय, आवाज घरात शिरतो ती वाट बंद करणं. तर आता खिडक्या.

पहिल्या दोन दुकानांत गेले तिथे बसल्या बसल्या उत्तर मिळालं. "मॅडम, डबल ग्लास टाका, आवाज शून्य." कोणी विचारलं नाही कुठला आवाज, कधीचा, कुठल्या बाजूचा. एकाने तर फोटो मागवला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि त्यावर कोटेशन पाठवलं. आवाज शून्य होतो असं जो म्हणतो त्याच्याकडून खिडकी घेऊ नका, कारण शून्य होत नाही, कमी होतो, आणि किती कमी होतो हे काचेएवढंच फटीवर ठरतं.

तिसऱ्या दुकानातून जो मुलगा माप घ्यायला आला त्याने आधी विचारलं, "काकू, सगळ्यात जास्त त्रास कधी होतो, दिवसा का रात्री?" मी म्हटलं अरे दोन्ही, पण रात्री साडेदहानंतर झोप मोडते. मग म्हणाला एक विमान जाऊ द्या, आणि टेप हातात घेऊन खिडकीपाशी गप्प उभा राहिला. विमान उठलं तेव्हा त्याने तळहात आधी काचेवर ठेवला, मग चौकटीवर, मग भिंतीवर. नंतर देवघरातली उदबत्ती मागितली. पेटवून बंद खिडकीच्या कडेकडेने फिरवली, खूप हळू, आणि दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे धूर सरळ वर जायचं सोडून आत वळला. खालच्या ट्रॅकपाशीही तसंच. एसीच्या पाइपचं भोक आहे तिथे तर धूर भसकन आत आला. म्हणाला, "काकू, एवढ्या वाटा उघड्या असताना काच कितीही भारी टाकली तरी पैसे वाया." मला तेव्हाच कळलं की याला काम कळतं, कारण मी रजिस्टर घेऊन जे करायचे तेच हा उदबत्ती घेऊन करत होता.

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. खिडकीच्या एकूण क्षेत्रफळातली नुसती एक टक्का जागा फट म्हणून उघडी राहिली तरी पूर्ण खिडकी वीस डेसिबलच्या वर अडवू शकत नाही, मग काच कसलीही असू दे. म्हणून स्लायडिंग नको. स्लायडिंगमध्ये पल्ला सरकायला जागा लागते आणि ती जागा ब्रशच्या पट्टीने झाकलेली असते, त्या ब्रशमधून धूळही येते आणि आवाजही येतो. उघडणारी खिडकी घ्या, दुकानदार तिला ओपनेबल किंवा केसमेंट म्हणतात, तिचा पल्ला बंद करताना रबराच्या गास्केटवर दाबला जातो आणि हँडल फिरवलं की वर-खाली-मध्ये असं बऱ्याच जागी लॉक होतं. एकाच जागी लॉक असलेली घेऊ नका, पल्ला कोपऱ्यात सुटतो.

काचेचं आता. नुसती डबल काच, म्हणजे ज्याला डीजीयू म्हणतात, दोन सारख्या जाडीच्या काचा आणि मध्ये १२ मिलिमीटर हवा, ही मुळात उष्णतेसाठी केलेली गोष्ट आहे, थंड देशांतली. आवाजासाठी ती साध्या काचेपेक्षा थोडीच बरी. प्रत्येक जाडीच्या काचेचा एक कच्चा सूर असतो जिथे ती आवाज जास्त आत सोडते, ६ मिलिमीटरच्या काचेचा तो २००० हर्ट्झच्या आसपास येतो, आणि दोन्ही काचा ६ च्याच असतील तर दोघींचा एकच कच्चा सूर, म्हणजे तिथून आवाज सरळ आत. म्हणून जाडी वेगवेगळी पाहिजे, आणि निदान एक काच लॅमिनेटेड पाहिजे, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवलेला, गाडीच्या पुढच्या काचेला असतो तसा. तो थर काचेची थरथर मारतो. आम्ही बाहेरून ६, मध्ये हवा, आतून ४ आणि ४ लॅमिनेटेड अशी घेतली. कोटेशनवर हे आकडे लिहून घ्या. "अकौस्टिक ग्लास" एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

हे वजनदार प्रकरण आहे हं. काच एका चौरस मीटरला एका मिलिमीटरमागे अडीच किलो भरते, आमची चौदा मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला ३५ किलो, वर फ्रेम. बिजागऱ्या त्या वजनाच्याच लागतात. आणि माझा अर्धा स्टार इथेच गेला. बेडरूमचा एक पल्ला पावसाळ्याच्या तोंडावर खाली बसला, बंद करताना खालच्या कोपऱ्यात घासायला लागला आणि वरच्या कोपऱ्यातून आवाज येऊ लागला. दुकानाला फोन केला, आज येतो उद्या येतो चाललं, माणूस यायला पाऊस अर्धा संपला. आल्यावर बिजागरीतला स्क्रू फिरवून पल्ला उचलून दिला आणि काम झालं, पण तेवढ्यासाठी इतके फोन करायला लावायला नको होते. विक्रीच्या आधी एवढं कान देऊन ऐकणाऱ्या दुकानाने विक्रीनंतरही तसंच ऐकावं एवढीच अपेक्षा, आणि हे मी मालकांना दुकानात जाऊन सांगितलंय.

आपल्याकडची अजून एक अडचण म्हणजे ग्रिल. पुण्यात खिडकीला बाहेरून ग्रिल असतंच, मग बाहेर उघडणारा पल्ला ग्रिलवर आपटतो. आत उघडणारा घेतला तर पडदा आणि पलंग आडवे येतात. आमच्याकडे बेडरूममध्ये आत उघडणारा घेतला, पडद्याची दांडी वर सरकवली, हॉलमध्ये ग्रिल थोडं बाहेर काढून घेतलं, त्याला सोसायटीची परवानगी लागली कारण बाहेरून दिसणं बदलतं. हे सगळं ऑर्डरच्या आधी ठरवा. डासांची जाळी पण आधीच सांगा, नंतर लावायला जागा राहत नाही.

बसवायच्या दिवशी घरात भरपूर धूळ, लहान बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. जुनी चौकट काढल्यावर भिंत आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये बोटभर पोकळी निघाली, बिल्डरच्या वेळेपासूनची. कारागिराने ती फोमने भरून, सुकल्यावर कापून, आतून-बाहेरून सिलिकॉन मारलं. तुम्ही त्या वेळी घरात थांबा आणि बघा, कारण पट्टी लागल्यावर आत काय आहे ते कळत नाही आणि नुसतं वरवर सिलिकॉन मारून जाणारेही असतात. एसीचं भोकही त्याच दिवशी बुजवून घेतलं. खर्च चौरस फुटाला साडेतेराशेच्या आसपास पडला, जीएसटी वेगळा, जुन्याचा भंगाराचा भाव त्यांनी वजा केला. कमी नाहीये. म्हणूनच सगळ्या घराला केलं नाही, जिथे झोपतो आणि जिथे बसून बोलतो तेवढ्याच खोल्या केल्या.

आता फरक. मोबाईलच्या अ‍ॅपवर मोजलं, मोबाईलचा आकडा पक्का नसतो पण एकाच फोनने एकाच जागी मोजल्यावर आधीचा-नंतरचा फरक कळतो. प्रवासी विमान उठताना खिडकी उघडी असेल तर ८० च्या जवळ जायचं, जुनी खिडकी बंद करून ६४-६५, आता बंद करून ४८ च्या आसपास. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, तर जुन्या बंद खिडकीपेक्षा आता एक तृतीयांशाच्याही आत आला म्हणायला हरकत नाही. नियमांचं बघायचं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, पण ती सरासरीची आणि बाहेरच्या आवाजाची, एका विमानाच्या क्षणाला ती लावून बघू नका, बरेच जण तीच गल्लत करतात आणि मग वाद घालत बसतात.

एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान, तर आता कळतही नाही. एअरबस, बोइंग उठताना लांबून घरघर येते, पण टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही. उतरताना इंजिन उलटं लावतात तो जो घोंघाट असतो तो खूपच कमी झाला. नगर रोडचे हॉर्न गेले, हे मी मागितलंही नव्हतं.

सुखोई मात्र येतो. हे स्पष्ट सांगते म्हणजे नंतर कोणी निराश होऊ नये. त्याच्या आवाजातला जो खालचा भाग आहे, छातीत जाणवतो तो, त्याला ही खिडकी फारसं अडवत नाही. दोन काचा आणि मधली हवा यांची जोडी मिळून २०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, त्यामुळे खालच्या सुरात फायदा कमी. वरचा कर्कश भाग गेला, गडगडाट राहिला. तो कमी करायचा असेल तर दोन काचांमध्ये चार इंच किंवा जास्त अंतर लागतं, म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी पूर्ण खिडकी. नऊ इंची भिंत असेल तर हा पर्याय खरंच विचारात घ्या, आमची भिंत तेवढी नव्हती. जुन्या बंगल्यांना, टिंगरेनगर-कळसच्या बाजूला बरेच आहेत असे, त्यांना हे जमेल आणि कदाचित स्वस्तही पडेल.

बंद खिडकीत हवा कोंडते, त्याचा विचार आधी करा. उन्हाळ्यात एसी लागतोच. एरवी आम्ही विमानांची गर्दी नसते त्या वेळा बघून खिडक्या पूर्ण उघडतो, दुपारी जेवणानंतर आणि पहाटे लवकर. त्या वेळा तुमच्या भागात कुठल्या हे आठवडाभर लिहून काढलंत की लगेच दिसतात. स्वयंपाकघर आम्ही केलं नाही, एक्झॉस्टचं भोक उघडंच राहणार होतं, मग मधलं दार बंद ठेवतो.

आणि हो, बाहेरचं शांत झाल्यावर आतलं ऐकू यायला लागतं, फ्रिज, लिफ्ट, वरच्यांच्या घरात सरकणारी खुर्ची. पहिले काही दिवस मला त्याचीच जाग यायची. सवय होते.

सासूबाई आता दुपारभर मशीन घालून बसतात. परवा विमान जात असताना त्यांनी मला मटकीला मोड किती आले विचारलं, मी उत्तर दिलं, आणि त्यांना ते ऐकू गेलं.

आता ज्यांना घ्यायचंय त्यांनी माप घ्यायला येणाऱ्याला दिवसाच्या शांत वेळी बोलावू नका, विमानं असतात त्याच वेळी बोलवा आणि एक तरी विमान जाईपर्यंत थांबायला सांगा. तो थांबत नसेल तर दुसरा बघा. कोटेशनवर काचेची प्रत्येक जाडी, लॅमिनेशन, गास्केट, किती जागी लॉक आणि बिजागरी किती वजनाची हे लिहून घ्या, आणि एका वर्षात पल्ला बसला तर किती दिवसांत येऊन नीट करणार हेही लिहून घ्या, शेवटची ही ओळ माझ्या कोटेशनवर नव्हती. गास्केटला दर सहा महिन्यांनी ओलं फडकं आणि थोडी सिलिकॉन ग्रीस, आणि पावसाआधी फ्रेमच्या खालच्या पाण्याच्या भोकांतली माती काढून टाका, नाहीतर पाणी आत येतं.